एप्रिलअखेर आई-बाबांना घेऊन युरोपला जातोय, कपडे काय आणि किती घ्यावेत?

तुमचा दहा दिवसांचा बेत वाचला : ॲमस्टरडॅम, पॅरिस, मग इंटरलाकेन, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि माणशी एकच बॅग. मी नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये राहतोय आणि माझे आई-बाबा दोनदा नेमके याच दिवसांत येऊन गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

तापमानाचा आकडा बघून बॅग भरू नका. एप्रिलअखेर ॲमस्टरडॅमला दुपारचं तापमान १३-१४ अंश दाखवतात. ते वाचून वाटतं, एक जाड जॅकेट घेतलं की झालं. पण सकाळी बोटं बधिर करणारा गारठा, अकराला अंगावर घ्यावंसं ऊन, दोनला तडातड गारा आणि चारला पुन्हा लख्ख, असं सगळं एकाच दिवशी होतं. 'एप्रिल त्याला हवं तेच करतो' अशी डच म्हणच आहे. श्रावणातला ऊनपाऊस समजा, फक्त इथली सर बर्फाच्या पाण्यासारखी गार आणि सोबत समुद्रावरचा वारा. जमीन उन्हानं तापू लागलेली असते, समुद्र अजून गार असतो आणि वर उत्तरेकडून आलेली थंड हवा असते. खालची ऊबदार हवा भराभर वर चढते आणि बघता बघता ढग भरून येतात.

पहिल्या खेपेला माझ्या आई-बाबांनी पुण्याहून चांगली जाडजूड जॅकेटं आणली होती, आत मात्र पातळ सुती कपडे. ट्रॅममध्ये, म्युझियममध्ये हीटर चालू, म्हणून आईला घाम यायचा. ती जॅकेट काढून हातात धरायची, आणि बाहेर पडलं की ओलसर कपड्यांवर वारा. तिसऱ्या दिवशी ताप आला आणि ज्या ट्यूलिपसाठी ती आली होती ती कॉयकेनहॉफची बाग राहूनच गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून एका जाड कपड्याऐवजी चार पातळ. अंगालगत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता, मग स्वेटर, आणि सगळ्यात वर टोपी असलेलं हलकं, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट. छत्रीच्या भरवशावर राहू नका, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरच्या वाऱ्यात ती उलटी होते. आई साडी नेसत असतील तर परकराखाली थर्मल लेगिंग आणि साडी घोट्याच्या जरा वर. जॉर्जेट रात्रीत वाळते, सुती वाळत नाही. कानटोपी हवीच. बुटांचे मात्र दोन जोड घ्या, बॅगेत जागा कमी पडली तर एखादा ड्रेस काढा. ओल्या बुटांत दुसरा दिवस काढणं साठीच्या माणसाला झेपत नाही. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की बरेच सुकतात. नेदरलँड्समध्ये फोनवर बाउएनराडार हे पावसाचं ॲप ठेवा, पुढच्या दोन तासांतल्या सरी बऱ्यापैकी नेमक्या कळतात.

पॅरिस त्या मानानं सोपं, पण फ्रेंच लोकही म्हणतात की एप्रिलमध्ये अंगावरचा एक धागासुद्धा कमी करू नकोस. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या द्राक्षबागांत कोवळे कोंब गोठू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी रात्रभर आगट्या पेटवल्या होत्या, निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पेटवतात तशाच.

खरी तयारी लागते ती स्वित्झर्लंडला. इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर आहे आणि तिथून रेल्वेनं बर्फ बघायला जातात ते युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर. दर हजार मीटरला साधारण सहा अंश उतरतात असं धरा, म्हणजे खाली १५ असेल तर वर शून्याखाली. शिवाय बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आणि कातडीला भाजतं, तेव्हा गॉगल, सनस्क्रीन, हातमोजे बॅगेत तळाशी नकोत. युंगफ्राउयोखला जायचा दिवस घरूनच पक्का करू नका. इंटरलाकेनला निदान तीन रात्री ठेवा आणि रोज सकाळी वरच्या वेबकॅमचं चित्र बघून ठरवा. ढगात गेलात तर महागडं तिकीट काढून नुसती पांढरी भिंत बघाल. बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर इतक्या उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, आणि वर पोचल्यावर सावकाश चाला.

या दिवसांत बर्च झाडांचे परागकण हवेत असतात. कुणाला दम्याचा किंवा शिंकांचा त्रास असेल तर गोळ्या आणि पंप हाताशी ठेवा.

आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यात माणूस वेळ विसरतो. दुसऱ्या खेपेला आम्ही कालव्याकाठी साडेआठपर्यंत बसलो होतो. गारठा एकदम वाढला, पण या वेळी आईच्या पिशवीत स्वेटर होता.