१९६८ च्या बेसबॉल हंगामातून संघ निवडताना
तुम्ही पहिल्याच ड्राफ्टसाठी (आळीपाळीने त्या हंगामातले खेळाडू निवडून आपला संघ बनवण्यासाठी) १९६८ चा हंगाम निवडला आहे, म्हणून आवर्जून सांगतो की पिचर (चेंडू फेकणारा) बॉब गिब्सनची १.१२ ही ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी; जितकी कमी तितकी चांगली) पाहून पहिली निवड त्याच्यावर खर्च करू नका. त्या वर्षी उत्तम पिचर मुबलक होते, फलंदाज मात्र दुर्मीळ. दोन प्रमुख लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की अवघ्या ०.३०१ फलंदाजी-सरासरीवर (फलंदाजीच्या संधींपैकी हिटचे प्रमाण) अव्वल ठरला, शिवाय त्याने ११९ वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा पहिला बेस) मिळवले, जे सरासरीच्या रकान्यात दिसतच नाहीत. असा फलंदाज आधी घ्या आणि लगोलग कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) व शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) यांच्याकडे वळा, कारण या जागांवर बॅटही चालवणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. कॅचर जॉनी बेंच शिल्लक असेल, तर मी तरी क्षणभरही थांबणार नाही. चांगले पिचर पाचव्या-सहाव्या फेरीतही मिळतात.