मे महिन्यातच एवढं का तापतं?

प्रश्न: सूर्य २१ जूनला सगळ्यात उत्तरेला जातो ना, मग आमच्या सोलापुरात मे महिन्यातच एवढं का भाजतं?

उत्तर: कारण सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली आहे, त्यामुळे सूर्य १०-११ मेच्या आसपासच बरोब्बर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावली क्षणभर गायब होते, यंदा नक्की बघाच! २२ डिसेंबरला तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर, तिरपा असतो, म्हणजे तेवढंच ऊन सुमारे एक तृतीयांश जास्त जमिनीवर पसरतं. ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत डोक्यावर येतो, पण तेव्हा पावसाळी ढग आडवे येतात. आणि नुसत्या अक्षांशावर जाऊ नका, रत्नागिरीसुद्धा जवळपास आपल्याच रेषेत आहे, पण तिथे समुद्र आहे, आपल्याकडची कोरडी जमीन पटकन तापते.