जुना पेट्रोल पंप उघडण्याआधी

दुरुस्त करून मूळ रूपात आणायला जुना पंप, म्हणजे गाडीत पेट्रोल भरायचं यंत्र, मिळाला, छान! पण पाना लगेच हातात घेऊ नका. वास येवो न येवो, मीटरमध्ये आणि नळ्यांत जुनं पेट्रोल उरलेलं असू शकतं. म्हणून गंजलेल्या बोल्टला आच दाखवायची नाही. गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग आधी किंचित आवळून सैल करा. घाईत मी पहिल्याच पंपाचे दोन बोल्ट मोडले, ते ड्रिलने काढण्यात आठवडा गेला.

रंग कोरडा घासू नका, जुन्या थरांत बहुतेकदा शिसं असतं. रसायन लावून खरवडा. तळाशी मूळ रंग दिसला की फोटो घ्या, पुढे तोच जुळवायचाय. वर काचेचं नळकांडं असलेला १९२० च्या दशकातला हातपंप असेल, तर काच सर्वांत आधी उतरवा. पितळी नावपट्टी फार घासू नका, अक्षरं झिजतात.