‘सन्मान’ म्हणताना घसा अडतो

घशात काहीच सापडलं नाही, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. वय चौतिशीचं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचतगटांना कर्ज देणाऱ्या संस्थेत ते शाखाधिकारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार एवढीच की सेंटर मीटिंगला, म्हणजे गटातल्या बायका हप्ता भरायला जमतात तिथं, त्यांच्यासोबत संस्थेची रोजची शपथ म्हणताना आवाज बसतो. एरवी बोलणं ठणठणीत. “विश्वास, पारदर्शकता इथपर्यंत जातो मॅडम, आन् सन्मान आलं की अडतंय.”

मी आधी चूकच केली. तारखेमागून तारखा, टार्गेट, अर्धवट झोप ऐकून मला वाटलं, माणूस थकलाय. आठ दिवस रजा घ्या म्हटलं. रजेत घसा खणखणीत झाला. सोमवारी पहिल्याच मीटिंगला पुन्हा अडला. थकव्याचं दुखणं विश्रांतीनं थोडं तरी उतरतं. हे उतरेना, तेव्हा मी नीट विचारायला लागले.

एकाएकी काही बिघडलं नव्हतं. ते फिल्ड ऑफिसर म्हणून लागले तेव्हा मीटिंग तासभर चालायची. आधी ख्यालीखुशाली, कुणाचं बाळंतपण, कुणाची विहीर, मग हप्ता. पुढं संस्था मोठी झाली, बाहेरून पैसा आला, मीटिंग वीस मिनिटांवर आली. ख्यालीखुशाली गेली. मग ‘ओव्हरड्यू शून्य’ आलं, म्हणजे एकही हप्ता थकता कामा नये, त्यावर इन्सेंटिव्ह आलं, आणि एक दिवस एरियातून, म्हणजे शाखेच्या वरच्या ऑफिसातून, फोन आला की हप्ता हातात पडेपर्यंत दारातून उठायचं नाही. भिंतीवरची शपथेची फ्रेम तीच राहिली. उलट नवीन काच बसवली. “एका दिवसात ठरवलं असतं तर भांडलो असतो,” ते म्हणाले. “हे कसं झालं कळलंच नाही.”

मग चहाची गोष्ट आली. नवरा ऊसतोडीला गेलेल्या एका बाईचा पहिल्यांदाच हप्ता चुकला होता. हे रात्री आठपर्यंत तिच्या ओट्यावर बसले. तिनं शेजारून साखर आणून चहा केला. आपल्याकडं दारात आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? “तो चहा घेतला मी,” एवढं बोलून ते बराच वेळ गप्प राहिले. तिनं पैसे कुणाकडून उसने आणले, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

योग्य काय ते कळतंय, पण संस्थेच्या बांधणीमुळे ते करता येत नाही, या अवस्थेला अमेरिकेतले नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. मराठीत आपण त्याला नैतिक क्लेश म्हणू. माझ्याकडे दवाखान्यातल्या सिस्टर येतात, क्लासेसमधले शिक्षक येतात. प्रत्येकाला वाटतं आपलं मन कच्चं आहे. यांनाही साहेबांनी तेच ऐकवलं होतं, की तुझं काळीज फारच मऊ.

ते मऊपण आहे का, हे पाहायला दोन आठवडे वहीत लिहायला सांगितलं: काय घडलं, कुणी सांगितलं, मी काय केलं. वही घेऊन आले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. मन खाणारा जवळजवळ प्रत्येक आदेश तोंडी होता. आणि संस्थेच्याच प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नेमकं उलटं छापलं होतं. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मकर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करून तगादा लावायचा नाही. कर्जदार ठरल्या जागी लागोपाठ दोन वेळा आली नाही तरच घरी जायचं. ज्याला ते आपला दुबळेपणा समजत होते, तो नियमच होता. हे वाचून त्यांना हसू आलं, मग राग आला. मला तो राग बरा वाटला.

‘राहू की सोडू?’ हा प्रश्न मी मुद्दाम मागं ठेवला. पुढच्या बैठकीला त्यांच्या बायकोला बोलावलं आणि हिशोब मांडला. दोन एकर सोयाबीन, गाडीचा हप्ता, पोरीची फीस. पगार बंद झाला तर किती महिने तग धरता येईल? तीन. मग सहा होईपर्यंत राजीनाम्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. बायको तोवर गप्प होती. निघताना म्हणाली, “माझ्या बहिणीच्या दारात बी असाच कुणीतरी बसतोय. मला वाटायचं, ह्यांना सांगावं का नाही.”

त्यानंतर त्यांनी एरियाला मेल टाकला: सहानंतर वसुलीला जायचं असेल तर लेखी आदेश द्यावा. लेखी काही आलं नाही. फोन आला, “कधीपासून एवढा शहाणा झालास?” त्या महिन्याचं इन्सेंटिव्ह कापलं गेलं, शाखेचा नंबर खाली गेला. त्यांच्या शाखेतली पोरं मात्र सहाला घरी जाऊ लागली. शेजारच्या शाखेत काही बदल नाही. एका माणसाच्या मेलनं संस्था ताळ्यावर येते असं मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही ते विचारलं नाही. त्या बाईकडं ते दिवसा, सेंटरच्या अध्यक्षाताईंना सोबत घेऊन गेले आणि चुकलं म्हणून सांगून आले. ती काय म्हणाली? “काही नाही. परत चहाच केला.”

नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. साठवण पाचव्या महिन्यावर आली आहे. मागच्या भेटीत मी घशाचं विचारलं.

“शपथ आता शेवटी घेतो मॅडम. आधी ख्यालीखुशाली. वीस मिनिटांत बसत नाही, चाळीस लागतात. एरियावाले ओरडतात.”

“आणि तो शब्द?”

“कधी निघतो, कधी नाही. त्या दिवशी कसं वागलोय, त्यावर हाय.”