'द क्वाएट मॅन' या सिनेमातला तो टांगेवाला म्हातारा कोण? त्याला एकाच रोलसाठी दोन ऑस्कर नॉमिनेशन्स मिळाली होती हे खरं आहे का?

हो, अगदी खरं आहे. त्याचं नाव बॅरी फिट्झजेराल्ड. एकाच सिनेमातल्या एकाच भूमिकेसाठी बेस्ट अ‍ॅक्टर आणि बेस्ट सपोर्टिंग अ‍ॅक्टर अशी दोन्ही नॉमिनेशन्स मिळालेला तो एकटाच, आणि ते परत कधी होणारही नाही कारण त्यानंतर नियमच बदलला. पण तो किस्सा मी जरा खाली सांगतो. त्याच्याबद्दल जिथे बघावं तिथे तेवढंच लिहिलेलं असतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा माणूस हॉलिवूडला पोचला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचं खरं मोठं काम त्याच्या आधीच डब्लिनच्या एका छोट्याशा स्टेजवर करून झालेलं होतं.

खरं नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८, डब्लिनमधला पोर्टोबेलो भाग. वडील छापखान्यातले, कामगार चळवळीत असलेले, आई मूळची जर्मन. घर प्रोटेस्टंट, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिकून तो सरकारी नोकरीत चिकटला, बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये कारकून. आणि मग नाटकाचा नाद लागला.

त्या वेळी डब्लिनला अ‍ॅबी थिएटर होतं, कवी येट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांनी १९०४ साली सुरू केलेलं. नाव मोठं पण पैशाची कायम ओढाताण, त्यामुळे तिथले बरेचसे नट दिवसा कुठेतरी नोकरी करणारे. आपला हा कारकून तिथे संध्याकाळी जायला लागला, आधी गर्दीत उभं राहायचं काम, मग एकदा चार शब्दांचं वाक्य मिळालं आणि ते चार शब्दही तोंडात उलटेपालटे झाले, असं सांगतात. प्रेक्षक खो खो हसले. दुसरा एखादा घरी बसला असता, पण याला आपण विनोदी नट आहोत हे तिथे कळलं. आता साहेबाला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून जाहिरातीत छापायला 'बॅरी फिट्झजेराल्ड' हे नाव घेतलं. म्हणजे जे नाव पुढे सगळ्या जगाला कळलं ते मुळात नोकरी वाचवायला घेतलेलं होतं! आणि हे एकदोन वर्षं नाही, १९२९ पर्यंत चाललं, दिवसा फायली आणि रात्री नाटक.

मी स्वतः सरकारी ऑफिसात आहे आणि गेली बरीच वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम करतोय. तालमीला जायला साडेपाचची लोकल पकडायची, प्रयोगासाठी अर्जित रजा जपून ठेवायची, हे सगळं मी केलेलं आहे. म्हणून या माणसाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोणीतरी घरचा माणूस भेटल्यासारखं झालं.

त्याचं आयुष्य बदललं ते शॉन ओकेसीमुळे. ओकेसी म्हणजे डब्लिनच्या चाळवजा वस्तीतल्या लोकांवर नाटकं लिहिणारा, स्वतः मजुरी केलेला लेखक. मार्च १९२४ मध्ये त्याचं 'जूनो अँड द पेकॉक' अ‍ॅबीत आलं आणि त्यातला कॅप्टन बॉइल फिट्झजेराल्डने केला. हा बॉइल कॅप्टन वगैरे काही नाही, एकदा कोळशाच्या बोटीतून लिव्हरपूलला जाऊन आलाय एवढंच, पण घरी सातासमुद्रापारच्या गप्पा. कुणी कामाचं नाव काढलं की लगेच पाय दुखायला लागतात. त्याची बायको जूनो एकटी घर ओढते. बॉइलचा दारूतला दोस्त जॉक्सर केला एफ. जे. मॅकॉर्मिकने आणि गंमत बघा, तोही सरकारी नोकरीतूनच आलेला आणि त्याचंही नाव खोटंच, खरं पीटर जज. म्हणजे आयर्लंडच्या रंगभूमीवरची सगळ्यात गाजलेली आळशी बेवड्यांची जोडी दोन कारकुनांनी उभी केली.

या नाटकाचा शेवट वाचाच एकदा. वारशाचे पैसे येणार म्हणून उधारीवर घेतलेलं सामान परत नेलेलं आहे, खोली रिकामी. मुलाला गोळ्या घातल्यात, जूनो मुलीला घेऊन घर सोडून गेली आहे. आणि मग त्या रिकाम्या खोलीत बॉइल आणि जॉक्सर झोकांड्या खात येतात. बॉइलला काहीच माहिती नाही. खिशातलं शेवटचं नाणं खाली पडतं आणि तो बरळत राहतो की सगळ्या जगाचा सत्यानाश झालाय. इतका वेळ ज्याच्यावर प्रेक्षक पोट धरून हसलेत तोच माणूस तसाच वागतोय, एक रेघसुद्धा बदललेली नाही, पण आता हसू घशात अडकतं. नटाने इथे थोडं जरी रडवायला घेतलं तरी सगळं बिघडतं. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही हा प्रवेश नुसता वाचून बघितला होता आणि बॉइल वाचणाऱ्याला स्वतःला आवरणं फार अवघड गेलं, म्हणून फिट्झजेराल्डने ते काय केलं असेल याची मला थोडीफार कल्पना येते. ते बघायला मिळालेली माणसं आता नाहीत आणि त्या प्रयोगाची फिल्मही नाही. १९३० मध्ये हिचकॉकने या नाटकाचा सिनेमा केला, त्यात फिट्झजेराल्ड आहे पण एका भाषणबाज माणसाच्या लहानशा कामात, बॉइल दुसऱ्यानेच केला. मला तर याची फार चुटपुट लागते.

मग आलं फेब्रुवारी १९२६, ओकेसीचंच 'द प्लॉ अँड द स्टार्स'. विषय १९१६ चा ईस्टरचा उठाव, म्हणजे ज्याच्यातून पुढे आयर्लंड स्वतंत्र झालं तो, आणि त्याला जेमतेम दहा वर्षं झालेली. दुसऱ्या अंकात गुत्त्यात एक वेश्या बसलेली आहे, बाहेर देशभक्तीचं भाषण चालू आहे आणि गणवेशातले क्रांतिकारक झेंडे घेऊन आत दारू प्यायला येतात. ११ फेब्रुवारीच्या प्रयोगाला लोक भडकले, प्रेक्षकांमध्ये १९१६ मध्ये गेलेल्यांच्या घरच्या बायका होत्या, आरडाओरडा झाला, काहीजण थेट स्टेजवर चढले. फिट्झजेराल्ड त्यात फ्लूथर नावाचा सुतार करत होता आणि चढून आलेल्यांपैकी एकाला त्याने ठोसा मारून खाली पाडलं. येट्स स्वतः स्टेजवर येऊन प्रेक्षकांवर ओरडला की तुम्ही पुन्हा स्वतःची अब्रू घालवलीत.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. बॅरीचा धाकटा भाऊ आर्थर शील्ड्स, तोही अ‍ॅबीतलाच नट. आर्थर १९१६ च्या उठावात खरोखर बंदूक घेऊन लढला होता आणि नंतर वेल्समधल्या फ्राँगॉकच्या छावणीत इंग्रजांच्या कैदेत होता. आणि या नाटकात गुत्त्यात आयर्लंडचा तिरंगी झेंडा घेऊन येणारा लेफ्टनंट लँगन कोण करत होतं? आर्थर. ज्याने त्या झेंड्यासाठी तुरुंग बघितला त्याच्याचसमोर लोक ओरडत होते की तुम्ही आमच्या हुतात्म्यांचा अपमान करताय. त्या बायकांचं दुःख खोटं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांची माणसं गेली होती. पण दोघं भाऊ त्या रात्री मागे हटले नाहीत, नाटक पूर्ण केलं.

१९२९ मध्ये ओकेसीचं 'द सिल्व्हर टॅसी' लंडनला झालं (अ‍ॅबीने ते नाकारलं होतं), आणि त्यासाठी फिट्झजेराल्डने अखेर सरकारी नोकरी सोडली. वय एक्केचाळीस. मग अ‍ॅबीबरोबर अमेरिकेचे दौरे, आणि १९३६ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डने 'द प्लॉ अँड द स्टार्स'चा सिनेमा करायला अ‍ॅबीची मंडळी हॉलिवूडला बोलावली, तिथून हा तिकडचाच झाला. मधले सिनेमे भराभर सांगतो: 'ब्रिंगिंग अप बेबी', 'द लाँग व्हॉयेज होम', 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'. कामं बहुतेक छोटी पण एकही वाया घालवलेलं नाही.

आता तुमचा ऑस्कर. १९४४ चा 'गोइंग माय वे', दिग्दर्शक लिओ मॅकेरी. चर्च कर्जात, म्हातारा हट्टी फादर फिट्झगिबन आणि त्याच्या जागी पाठवलेला तरुण गाणारा फादर म्हणजे गायक-नट बिंग क्रॉस्बी. फिट्झजेराल्ड तेव्हा छप्पन्न वर्षांचा, पण मान वाकवून, पाय ओढत, ओठातल्या ओठात बोलत असा काही थकलेला म्हातारा केलाय की वय विसरायला होतं. (आणि हा आयरिश कॅथलिक फादर करणारा स्वतः प्रोटेस्टंट, म्हणून म्हटलं लक्षात ठेवा.) त्यात एक प्रसंग आहे, पुस्तकांच्या मागे लपवलेली व्हिस्कीची बाटली तो काढतो, आयर्लंडहून आई दर नाताळला पाठवते ती, आणि आईबद्दल बोलायला लागतो. कित्येक वर्षांत तिला बघितलेलं नाही. आणि सिनेमाच्या शेवटी ती खूप म्हातारी आई खरंच समोर येते. त्याला तिथे संवादच नाहीत म्हटलं तरी चालेल. मी हा सिनेमा चारपाच वेळा बघितलाय आणि दरवेळी तिथे डोळ्यात पाणी येतं.

या भूमिकेसाठी त्याला दोन्ही विभागात मतं पडली. मुख्य अभिनेत्याचं क्रॉस्बीलाच गेलं, त्याच सिनेमासाठी, आणि सहाय्यक अभिनेत्याचं याला मिळालं. लगेच नियम बदलून एका भूमिकेला एकच विभाग केला. युद्धाचे दिवस, धातूची टंचाई, म्हणून त्या वर्षी ऑस्करच्या बाहुल्या प्लास्टरच्या होत्या, आणि घरी गोल्फचा सराव करताना याच्या काठीने बाहुलीचं मुंडकं उडालं हाही किस्सा खराच आहे. पुढे त्याला दुसरी मिळाली.

नंतर 'द नेकेड सिटी' (१९४८) मधला न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी जरूर बघा, त्यात तो शांत, समजूतदार आहे आणि म्हातारपणाचा आधार न घेता काम करतो.

आणि तुमचा 'द क्वाएट मॅन', १९५२, शूटिंग आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यातल्या काँग गावात आणि आसपास. फिट्झजेराल्ड त्यात टांगाही हाकतो आणि लग्नंही जुळवतो. लग्न त्याने स्वतः कधीच केलं नाही. शेवटी तो डब्लिनला परत आला आणि जानेवारी १९६१ मध्ये तिथेच गेला.

परत बघाल तेव्हा एक करा. त्या सिनेमात गावातला प्रोटेस्टंट पाद्री आहे ना, रेव्हरंड प्लेफेअर, सौम्य बोलणारा, जुना बॉक्सर, तो आर्थर आहे.