चित्रकलेचा क्लास बंद करावा का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. एलिमेंटरीत तिला 'अ' श्रेणी मिळाली आणि आता ती इंटरमिजिएटची तयारी करते. सहामाहीत मात्र ती गणितात जेमतेम उत्तीर्ण झाली. तिचे बाबा क्लास बंद करा म्हणतात. क्लासच्या बाई म्हणतात, चित्रकलेने बुद्धी तल्लख होते, गुण आपोआप वाढतील. कोणाचे ऐकू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, या बाबतीत मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधन गटातील एलेन विनर आणि लोइस हेटलँड यांनी 2000 साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कला शिकणाऱ्या मुलांचे गुण पुष्कळदा अधिक असल्याचे दिसले. परंतु ते कलेमुळेच वाढले, असे सिद्ध झाले नाही. मुळात अभ्यासात बरी असलेली आणि घरचे पाठबळ लाभलेली मुले कलेकडे अधिक वळत असतील, तरीही आकडे असेच दिसतील. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या 2013 च्या अहवालात चित्रकला शिकणारी मुले भूमितीच्या विचारात सरस असल्याची नोंद आहे, पण तिथेही कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही. तेव्हा गणित आपोआप सुधारेल, या भरवशावर राहू नका.

क्लास बंद करण्याचा उपायही मला चुकीचा वाटतो. मोकळे झालेले दोन तास बीजगणिताकडे जातील याची शाश्वती नाही. उलट ज्या एका ठिकाणी तिला स्वतःच्या कामाचा विश्वास वाटतो, ते ठिकाण मात्र जाईल, आणि गणिताविषयी मनात अढी बसेल ती वेगळीच. इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत सात वाढीव गुण मिळतात, हे बाबांना जरूर सांगा, पण तेवढ्यासाठी क्लास चालू ठेवू नका. तिला चित्र काढणे आवडते आणि ते चांगले येते, हे कारण पुरेसे आहे. पुढे वास्तुकलेकडे जावेसे वाटले, तर बारावीला गणित लागेल, हेही तिला आजच मोकळेपणाने सांगा.

आता गणिताकडे गणित म्हणूनच पाहा. सहामाहीची उत्तरपत्रिका तिच्याबरोबर बसून तपासा आणि गुण कुठे गेले ते तिलाच सांगू द्या. पुष्कळदा नववीचा धडा समजलेला असतो, पण अपूर्णांक किंवा ऋण संख्या सातवीपासून कच्च्या राहिलेल्या असतात. तसे आढळले, तर शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना भेटून नेमका तेवढाच भाग पुन्हा शिकवण्याची विनंती करा, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत क्लासचा विषय घरात काढायचा नाही, एवढे तिच्या बाबांकडून कबूल करून घ्या.