जुन्या शक्तिमानला एसी बसवताना

प्रश्न: लष्कराच्या लिलावातून निघालेला जुना शक्तिमान ट्रक माझ्याकडे आहे. केबिनचे छत ताडपत्रीचे, विद्युतव्यवस्था 24 व्होल्टची आणि इंजिनावर फिरून वीज तयार करणारा डायनामो मूळचाच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गाडी चालवणे अशक्य होते. मोटारीचा जुना एसी बसवून त्याला दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 व्होल्टची जोडणी द्यावी, असे येथील मिस्त्री सुचवतात. हे योग्य ठरेल काय? तसेच अशा बदलाला आरटीओची हरकत असते काय?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर: मिस्त्रींच्या सल्ल्यातील बॅटरीचा भाग अजिबात मान्य करू नये. मालिकेत जोडलेल्या दोन बॅटऱ्यांना भरणारा प्रवाह सारखाच मिळतो. मात्र भार एकीवरच टाकला की ती कायम अर्धवट भरलेली राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन तिचे पाणी आटते आणि थोड्याच काळात दोन्ही निकामी होतात. बस आणि ट्रकसाठी लागणारे 24 व्होल्टचे ब्लोअर (थंड हवा केबिनमध्ये सोडणारे पंखे), इतर पंखे आणि गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा-सोडणारा क्लच बाजारात सहज मिळत असताना हा आडमार्ग धरण्याचे कारण नाही. डायनामोही बदलावा लागेल. ब्लोअर, कंडेन्सरचे (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचे) पंखे आणि क्लच मिळून 20 ते 25 अँपिअर प्रवाह घेतात, आणि इंजिन संथ फिरत असताना, म्हणजे नेमके गाडी वाहतुकीत अडकलेली असताना, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. त्याच्या जागी 24 व्होल्टचा, 60 ते 80 अँपिअरचा अल्टरनेटर (नव्या पद्धतीचे वीजयंत्र) बसवावा.

परंतु आपल्या गाडीचा खरा प्रश्न यंत्राचा नसून केबिनचा आहे. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे 1959 पासून तयार होऊ लागलेला हा ट्रक रचताना तो वाटेल त्या रस्त्यावर चालावा आणि सहज दुरुस्त व्हावा याचा विचार झाला होता. केबिन गार ठेवण्याचा विचार त्यात कोठेच नव्हता. भर दुपारी सपाट छतावर दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट ऊन पडते. तीन चौरस मीटरच्या काळपट ताडपत्रीवर पडणारी ही उष्णता 3 किलोवॅटच्या घरात जाते, तर मोटारीच्या एसीची एकूण क्षमताच 4 ते 5 किलोवॅट असते. शिवाय बॉनेटखालच्या इंजिनाची धग मधल्या पत्र्यातून आणि गिअरबॉक्सची फरशीतून वर येते, आणि पेडलांच्या खाचा, गिअरच्या दांड्याभोवतीची फट, दारांचे झिजलेले रबर यांतून धुळीसह गरम वारा घुसतो. अशा केबिनमध्ये कितीही मोठा एसी बसवला तरी तो रस्ताच गार करत राहील.

म्हणून पहिला खर्च केबिनवर करावा. ताडपत्रीच्या जागी पत्र्याचे छत घेऊन त्याच्या आतून, तसेच इंजिनाकडील पत्र्याला आणि फरशीला, उष्णतारोधक फोमचे अस्तर द्यावे. रात्री केबिनमध्ये दिवा लावून बाहेरून पाहिल्यास जेथून उजेड झिरपतो, तेथूनच दिवसा वारा आत येतो. या फटी रबराने बुजवाव्यात. एवढे केल्यावर किती मोठा एसी लागेल याचा हिशेब बदलतो, अनेकदा निम्म्याने.

कंप्रेसर इंजिनाच्याच ठोकळ्याला घट्ट बसवावा, चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) नव्हे. इंजिन रबरावर हलते आणि चॅसी हलत नाही, त्यामुळे चॅसीवर बसवलेल्या कंप्रेसरचा पट्टा वारंवार उतरतो किंवा तुटतो. मोटारीचा एसी जसाच्या तसा उचलून आणला की आणखी एक चूक हमखास होते. पेट्रोल मोटारीचे इंजिन जितक्या वेगाने फिरते त्याच्या निम्म्यानेही हे जुने डिझेल इंजिन फिरत नाही, त्यामुळे तीच पुली ठेवल्यास कंप्रेसर सुस्त चालतो आणि थंडावा मिळत नाही. कंप्रेसरची पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा लहान ठेवून त्याचा वेग इंजिनाच्या सव्वा ते दीडपट करावा. कंप्रेसर पाच-सहा अश्वशक्ती घेईल. एवढ्या मोठ्या इंजिनाला ती सहज झेपते, फक्त घाटात चढताना एसी बंद ठेवलेला बरा.

कंडेन्सर रेडिएटरसमोर बसवण्याची रीत आहे. तथापि जुन्या रेडिएटरमध्ये क्षार साचलेले असतील, तर कंडेन्सरमधून तापून आलेल्या हवेने इंजिन उकळू लागेल. रेडिएटर आधी साफ करून घ्यावा. तो विश्वासार्ह वाटत नसल्यास कंडेन्सर केबिनच्या मागे, सायलेन्सरपासून दूर, स्वतःच्या पंख्यांसह बसवावा. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, जरी त्यात पाइप लांबतो आणि धूळ वरचेवर झाडावी लागते. गॅस आर-134ए हाच घ्यावा आणि तो भरण्यापूर्वी पाइपांतील हवा काढण्यासाठी किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवून घ्यावा. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा घरगुती गॅस भरून देणारे भेटतात. तो ज्वालाग्राही असल्याने गळती झाल्यास बंद केबिनमध्ये त्याचा धोका उघड आहे.

एवढा खर्च नको असल्यास पाण्याचा कूलरही विचारात घ्यावा. खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात तो मोजक्या अँपिअरमध्ये उत्तम काम देतो. पावसाळ्यात मात्र तो निरुपयोगी ठरतो, आणि त्यासाठी खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते.

आरटीओविषयी: 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. एसीपेक्षा ताडपत्रीऐवजी येणारे पत्र्याचे छत येथे विचारले जाण्याची शक्यता अधिक, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओकडून लेखी उत्तर घ्यावे. गाडीचा रंग अजून लष्करी ऑलिव्ह हिरवाच असेल, तर तो केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे खासगी ट्रकला चालत नाही. तो बदलावाच लागणार, तेव्हा निदान छत तरी पांढरे रंगवावे.